चार कुलपांची वीज

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. पायताणाला चिखल लागतो तसे ते चालता चालता लागतात, आणि घरी आल्यावर कळतं की आपण अर्धा गाव बरोबर घेऊन आलोय. माझा सारा जन्म विजेच्या धंद्यात गेला. लोकांना वाटतं, ह्याच्यापाशी शॉकच्या गोष्टी असणार. पण तारेनं मला कधी फारसा त्रास दिला नाही. तार सरळ असते. हात लावला तर मारते, नाही लावला तर मारत नाही. कमिट्यांचं तसं नसतं.

परवा कोणीसं म्हणालं की विजेच्या धंद्याला कुशल माणसं हवीत, तर आसपासच्या सगळ्या संस्थांनी एकत्र येऊन ती तयार करावीत. मी म्हटलं, बाबांनो, हे आमच्या रत्नागिरीत होऊन गेलं. त्या वर्गात मी होतो. बसा, सांगतो.

* * *

तीस सालानंतरची गोष्ट. सत्याग्रहाची धामधूम ओसरली होती आणि गावात वीज येणार अशी बातमी होती. मुंबईच्या एका कंपनीनं ठेका घेतला होता. पावर हाऊस बांधायचं, खांब पुरायचे, तारा ओढायच्या. पण चालवणार कोण? कोकणात माणूस कमी नव्हता, पण तो मुंबईत होता. इथं उरले होते म्हातारे, बायका आणि वकील.

तेव्हा चौघे एकत्र आले. म्युनिसिपालिटीनं जागा द्यायची, एका उद्योगशाळेनं मास्तर द्यायचा, कंपनीनं इंजिन द्यायचं आणि शेजारच्या एका संस्थानानं आशीर्वाद द्यायचा. संस्थानाकडे देण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

अध्यक्ष झाले म्युनिसिपालिटीतले रावसाहेब. बडे वकील. विजेतलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि ते ही गोष्ट अभिमानानं सांगत. "तपशील तुम्ही बघा, आम्ही धोरण बघतो," म्हणायचे. पहिल्या सभेत त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं, "जो पास होईल त्याला पावर हाऊसात नोकरी. हा माझा शब्द आहे."

सभा बघायला आम्ही उमेदवारही दाराशी जमलो होतो. शाळेनं जे मास्तर दिले होते ते लिमये मास्तर माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "चौघांनी मिळून उचलायची अशी आपल्यात एकच वस्तू आहे हो."

उरलेली सभा नावात गेली. कोणाचं नाव आधी घालायचं ह्यावर एकमत होईना, म्हणून सगळ्यांची घातली. पाटी रंगवणाऱ्याची भिंत संपली, नाव संपेना. मग अर्धं नाव पुढच्या भिंतीवर आणि अर्धं वळसा घालून बाजूच्या भिंतीवर. पुढून वाचलं की 'विद्युत् व यंत्रशिक्षण', बाजूनं वाचलं की 'संयुक्त सहकारी मंडळ'.

आठ दिवसांत चिपळूणकडचा एक म्हातारा बाजूची पाटी वाचून आत आला. त्याला भाताचं बियाणं हवं होतं. रावसाहेबांनी त्याला बसवून घेतलं आणि विजेमुळे राष्ट्राचा उत्कर्ष कसा होतो ते अगदी मन लावून समजावलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं, पागोटं सारखं केलं आणि उठताना म्हणाला, "म्हंजे बियानं नाय तर."

* * *

वर्गात आम्ही दहाबारा जण होतो, पण लक्षात ठेवण्यासारखा एकच. हरी घाग. संगमेश्वराकडचा, कुणब्याचा. मुंबईला एका गिरणीच्या इंजिनघरात ऑईलमन होता. चांगली चाललेली नोकरी सोडून तो ह्या वर्गाला का आला, हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

"गनपतीला घरी गेलो," तो म्हणाला. "पोर अंगनात खेलत व्हती. माला बगितलान आन आयशीच्या मागं दडली. म्हनलान, आये, ह्यो कोन?"

घागानं गिरणीला रामराम ठोकला तो ह्या एका प्रश्नापायी. रत्नागिरीच्या पावर हाऊसात काम लागलं तर रविवारी सर्व्हिस मोटारनं घरी जाता येईल, पोर बापाला ओळखेल. त्याला एवढंच हवं होतं. मंडळाकडे ह्याहून साधी मागणी कोणाची नव्हती.

आता त्याची निवड कशी झाली ते ऐका. रावसाहेबांनी एकेकाला पुढं बोलावून हात दाखवायला सांगितले. त्यांच्या मते वीज म्हणजे स्वच्छ काम. धूर नाही, कोळसा नाही, म्हणजे शिकणाऱ्याची नखंही स्वच्छ हवीत. माझ्या हातांवर ते एकदम खूष झाले, कारण त्या हातांनी जन्मात काही केलं नव्हतं. मला ताबडतोब प्रवेश मिळाला.

घागाचे हात बघून त्यांनी तोंड फिरवलं. गिरणीचं तेल नखांच्या आत मुरलं होतं. "हे हात आपल्याला चालायचे नाहीत," ते म्हणाले.

कंपनीचे एजंट कापडियाशेठ शेजारी बसले होते. त्यांनी ते हात पाहिले, खांदे पाहिले आणि रावसाहेबांच्या कानाशी लागले, "पुढल्या बोटीनं इंजिन येते. बंदरावरून चढ चढवायला कोणी पायजे ना?"

"मग घ्या," रावसाहेब म्हणाले. अशी आमच्या वर्गातल्या सर्वांत लायक विद्यार्थ्याची निवड झाली.

त्याच्यामागून आला केळशीचा हसन. आगबोटीच्या इंजिनात खलाशी म्हणून अर्धी दुनिया फिरलेला. त्याला रावसाहेबांनी विचारलं, "तू दर्यावरचा माणूस. जमिनीवर टिकशील का?"

हसन म्हणाला, "साहेब, जमीन टिकली तर मी टिकतो." रावसाहेबांना हे फार धार्मिक उत्तर वाटलं. त्यालाही घेतलं.

* * *

इंजिन आलं. जुनंच होतं, कंपनीनं कुठल्याशा कारखान्यातून काढून पाठवलेलं, बरोबर एक डायनामो. पडावाच्या होडीतून उतरवलं, बैलगाडीवर चढवलं आणि चढावर बैल थकले तेव्हा घागानं आणि हसननं खांदे लावले. वर्गाच्या मागच्या खोलीत ते बसवलं. नारळ फुटला, हळदकुंकू झालं, पेढे वाटले.

मग कापडियाशेठ म्हणाले, "इंजिन कंपनीचं, तेव्हा कुलूप कंपनीचं." त्यांनी कुलूप लावलं.

ओव्हरशियर म्हणाला, खोली म्युनिसिपालिटीची, तेव्हा आमचंही कुलूप हवं. शाळेच्या हेडमास्तरांनी कळवलं, विद्यार्थी आमच्या ताब्यात, काही बरंवाईट झालं तर जबाबदार आम्ही, सबब तिसरं कुलूप. राहता राहिलं संस्थान. त्यांचे दिवाणजी म्हणाले, तिघांची कुलपं असताना महाराजांचं नसेल तर तो महाराजांचा अपमान. त्यांचं कुलूप पितळी होतं आणि त्यावर हत्ती होता.

एका दाराला चार कुलपं, चार किल्ल्या चार ठिकाणी. चौघे एकदम हजर झाल्याशिवाय दार उघडणार नाही. आणि हे चौघे एकदम फक्त पानसुपारीला हजर होत.

म्हणजे आम्ही इंजिन शिकलो ते खिडकीतून. गजांना नाक लावून उभं राहायचं आणि लिमये मास्तर बाहेरून छडीनं दाखवायचे, "ते सिलिंडर, तो तेलाचा पंप, ते चाक." मागं उभा असलेल्याला चाक दिसायचं नाही, मग तो पुढं सरकायचा, पुढचा मागं. देवळात गर्दी असली की मुखदर्शन घेऊन पुढं सरकतात, अगदी तसं.

घागाला हे सोसवेना. तो गजातून आत हात घालायचा आणि तो हात इंजिनपर्यंत पोचायचा नाही. एकदा रावसाहेब तपासणीला आले तेव्हा त्यानं विचारलं, "सायेब, एक डाव चालू करूया काय?"

रावसाहेब दचकले. "चालू? आणि बिघडलं म्हणजे?"

"नाय चालवला तर गंजंल."

"गंजू दे. गंजलं तर कोणी आपल्याला विचारणार नाही," रावसाहेब म्हणाले. मी पुढं जन्मभर नोकरी केली, पण कारभाराचं इतकं स्वच्छ सूत्र मला कोणी सांगितलं नाही.

* * *

लिमये मास्तरांबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. बिचारे सुतारकामाचे मास्तर. शाळेत तेच एक कायम नोकरीत होते, वेगळा पगार पडत नव्हता, म्हणून विजेला दिले. त्यांनी लपवाछपवी केली नाही. पहिल्या तासाला फळ्यापाशी उभे राहून म्हणाले, "मुलांनो, मला विजेतलं काही येत नाही. लाकडातलं येतं. तेव्हा जे लाकडाचं होण्यासारखं असेल ते करू."

आणि केलं. आम्ही लाकडाचा खांब केला, लाकडाचं बटण केलं, लाकडाचा पंखा केला. फणसाच्या लाकडाचा एक बल्ब केला, कातून, घासून, वर पॉलिश. इतका गोल आणि गुळगुळीत की हातात घेतला तर ठेववेना.

पौषात दिवाणजी वर्ग बघायला आले. टेबलावर सगळा लाकडी संसार मांडला होता. दिवाणजी एकेक वस्तू उचलत होते, मान डोलवत होते. बल्बापाशी थांबले. उलटापालटा केला. म्हणाले, "सुरेख! ह्याचा प्रकाश कितपत पडतो?"

लिमये मास्तर म्हणाले, "दिवसा भरपूर."

दिवाणजींनी आनंदानं शेरा दिला की संस्थानाच्या राजवाड्यासाठी असेच बल्ब करून घ्यावेत.

* * *

महाशिवरात्र आली. वर्गासमोरच्या गल्लीपलीकडे महादेवाचं देऊळ होतं. त्याचे विश्वस्त रावसाहेबच. त्यांच्या मनात आलं की त्या दिवशी देवळात विजेचा दिवा लावून दाखवला तर मंडळाचा गाजावाजा होईल. मग काय, चार किल्ल्या पहिल्यांदा एकत्र आल्या. दिवाणजींची किल्ली रेशमी रुमालात घालून शिपायाबरोबर आली.

दार उघडलं. घाग आणि हसन आत शिरले. जाळं झाडलं, तेल भरलं, पुसलं, हँडल मारलं. एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि चाललं. तो आवाज ऐकून घाग जो हसला, तसा मी त्याला पुन्हा फार थोड्या वेळा हसताना पाहिला. आम्हाला सगळ्यांनाच तेव्हा वाटलं की आपण कोणीतरी होणार.

गल्लीवरून वायर नेली, सभामंडपात ओढली. पेच पडला गाभाऱ्याशी. आत जायचा अधिकार एकट्या भटजींचा. आणि त्या देवळाचा रिवाज असा की गाभाऱ्यात ओलेत्यानं जायचं. तेव्हा भटजी विहिरीवर अंघोळ करून पाणी निथळत आले. आत सकाळपासून अभिषेक चालू होता, दगडावर घोटाभर पाणी. वायरचं टोक आणि दिवा त्यांच्या हातात दिला, काय कुठं अडकवायचं ते बाहेरून सांगितलं.

हसन म्हणाला, "अहो, त्यांना सुकू तरी द्या."

"सुकले तर आत कसे जातील?" रावसाहेब म्हणाले.

बटणापाशी घाग उभा होता. त्यानं हात काढून घेतला. "मी नाय दाबनार," म्हणाला.

रावसाहेबांनी घड्याळ काढलं. मुहूर्त टळत होता. त्यांनी घागाला बाजूला केलं आणि स्वतःच्या हातानं बटण दाबलं.

भटजी गाभाऱ्यातून निघाले ते थेट नंदीपाशी येऊन बसले. दिवा लागलाच नाही. भटजींनी इकडंतिकडं पाहिलं, जानवं चाचपलं आणि थरथरत्या आवाजात म्हणाले, "जागृत आहे."

सर्वांत आधी हात जोडले ते रावसाहेबांनी. मग सगळ्या देवळानं. दुसऱ्या दिवशी आम्ही वायर काढायला गेलो तर तिला हळदकुंकू लावलेलं आणि बायका रांगेत उभ्या. विश्वस्तांनी आम्हाला हाकलून दिलं. ती वायर पुढं कैक वर्षं तिथं होती आणि तिला नवस बोलत.

लिमये मास्तर म्हणाले, "चला, एक तरी जोडणी कायमची झाली."

* * *

चैत्रात परीक्षा. मंडळात पुन्हा वाद. प्रश्न काढायचे कोणी? शेवटी ठरलं की प्रत्येकानं एकेक काढायचा, म्हणजे कोणावर अन्याय नको.

म्युनिसिपालिटीचा प्रश्न: रस्त्यावर घाण करणाऱ्याविरुद्ध काय इलाज आहेत? शाळेचा प्रश्न: स्टुलाचं चित्र काढा. कंपनीचा प्रश्न: वीज घेतल्यानं गिऱ्हाइकाचे कोणकोणते फायदे होतात? आणि संस्थानाचा प्रश्न: विद्यमान महाराजांच्या पाच पिढ्यांची नावं लिहा.

हसननं शेजारी बसलेल्या मला हळूच विचारलं, "पाचवा कोण रे?" मी म्हटलं, मला तिसऱ्यापुढं ठाऊक नाही. त्यानं आपल्या आजोबांचं आणि पणजोबांचं नाव घालून पाच पुरी केली. दिवाणजींनी बरोबरची खूण केली. नावं बदलायची राजघराण्याची चाल असेल असं त्यांना वाटलं असावं.

विजेवर प्रश्नच नव्हता. म्हणून सगळे पास झाले.

त्याची सभा झाली, हार झाले. रावसाहेबांनी भाषण केलं की असा वर्ग सगळ्या इलाख्यात नाही. मुंबईच्या एका वर्तमानपत्रात ते छापूनही आलं. घाग त्या रविवारी घरी गेला तो बत्तासे घेऊन.

* * *

वैशाखात पावर हाऊसच्या भिंती उभ्या राहिल्या आणि माणसं घ्यायची वेळ आली. मंडळाची सभा भरली. आम्ही पास झालेले व्हरांड्यात उभे. उन्हामुळे खिडक्या सताड उघड्या होत्या, त्यामुळे शब्दन् शब्द बाहेर येत होता.

कापडियाशेठ म्हणाले, "हेड ऑफिस विचारते, माणसं कोणती घेणार? मला तर अनुभवी माणूस पायजे."

लिमये मास्तर म्हणाले, "ह्या पोरांना घ्या. अनुभव येईल."

"इथला अनुभव काय कामाचा? अनुभव मुंबईचा पायजे."

"मी म्हणतो तेच," रावसाहेब म्हणाले. "माणूस मुंबईहून मागवा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लिमये मास्तर उभे राहिले असणार. मवाळ माणूस, पण त्यांचा आवाज त्या दिवशी चढला होता. "रावसाहेब, तुम्ही शब्द दिला होतात. ही पोरं घरदार, नोकऱ्या सोडून आली."

रावसाहेब शांतपणे म्हणाले, "लिमये, ह्यांना शिकवलं कोणी?"

"आपण."

"मग? आपण काय शिकवलं ते मला ठाऊक आहे ना."

मी आयुष्यात निर्लज्ज माणसं बरीच पाहिली. पण स्वतःच्या नालायकीचा दाखला देऊन दुसऱ्याच्या पोटावर पाय देणारा हा एकच. मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. आत कोणी हसलंसुद्धा. मग पानाचं तबक फिरलं.

हसननं टोपी झटकली आणि म्हणाला, "जमीन नाही टिकली." तो त्याच आठवड्यात एका आगबोटीवर रुजू झाला. मला कंपनीनं ठेवलं, पण वायरमन म्हणून नव्हे, ऑफिसात बिलं लिहायला. माझे हात स्वच्छ होते ना!

घाग मुंबईला निघाला, पावसाळ्याआधीच्या अगदी शेवटच्या बोटीनं. मी बंदरावर पोचवायला गेलो. त्याच्याजवळ एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी. मी मंडळाला, रावसाहेबांना, त्यांच्या सात पिढ्यांना जे काही बोलायचं ते बोलून घेतलं. पडावात चढताना तो एवढंच म्हणाला, "आता कुठं जरा ओलख झालीवती तिची."

* * *

पावसाळा गेला. नारळीपौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या आणि कापडियाशेठांनी तार हातात घेऊन ऑफिसात येऊन जाहीर केलं, "हेड ऑफिसनं माणूस निवडला. येत्या बोटीनं येतो."

रावसाहेबांना स्फुरण चढलं. मुंबईचा तज्ज्ञ पहिल्यांदा रत्नागिरीच्या बंदराला पाय लावणार, तर स्वागत झालं पाहिजे. बँड सांगितला, कमान उभी केली, शाळेची पोरं रांगेत उभी केली. लिमये मास्तरांना येणं भाग होतं, ते मागं छत्री टेकून उभे राहिले. हाराचं तबक माझ्या हातात.

बोट लांब नांगरली. पडाव माणसं घेऊन किनाऱ्याला येऊ लागला. बँड सुरू झाला. आम्ही सगळे माना उंच करून कोटपाटलोणीतला माणूस शोधतोय. तसा एकच होता, कोट मात्र उसना असावा असा ढगळ. पडाव धक्क्याला लागला, तो वळकटी खांद्यावर टाकून उतरला आणि आमच्यासमोर उभा राहिला.

हरी घाग.

बँडवाल्यांना काय कल्पना, ते वाजवत होते. कापडियाशेठांनी तोंड उघडलं ते तसंच राहिलं. लिमये मास्तरांची छत्री पडली. रावसाहेबांनी हार उचललेला होता, तो दोन्ही हातांत अधांतरी. त्यांनी घागाकडं पाहिलं, मागं बोटीकडं पाहिलं, पडावातून आणखी कोणी कोटवाला उतरतोय का ते पाहिलं. तसा कोणी उतरत नव्हता. सगळा गाव बघत होता.

आणि त्या माणसानं हार घातला! घातला तो घातला, वर घागाच्या खांद्यावर हात ठेवून लोकांकडं वळले आणि भाषण ठोकलं. "बंधूंनो, हा आपलाच मुलगा. पावसाळ्याआधी इथून गेला तेव्हा काय होता, आणि आज काय आहे ते बघा. त्या तीन महिन्यांत मुंबईनं ह्याचा माणूस केला. अनुभव अनुभव म्हणून मी कंठशोष करत होतो, तो हाच. आपल्या पोरांनी ह्याचा धडा घ्यावा."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जास्त टाळ्या कापडियाशेठांनी वाजवल्या. घाग हात जोडून उभा. त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

पुढं गर्दी पांगली. आम्ही दोघे चढ चढायला लागलो. त्यानं हार काढून खिशात कोंबला होता, पोरीला द्यायला. रविवारच्या सर्व्हिस मोटारची चौकशी त्यानं धक्क्यावरच करून घेतली होती. मला राहवेना. मी म्हटलं, "घागा, मुंबईला कुठल्या पावर हाऊसात होतास रे?"

"कसला पावर हाऊस? गिरनीत परत घेतलानी नाय. पावसाला सगला भायखल्याच्या बाजारात भाजीच्या पाट्या उचलल्या."

"मग कंपनीनं तुला घेतलं कसं?"

"भरती हाय असा कलला, म्हनून हेड आपिसात गेलो. सायेबानं इचारलान, काम कुठं शिकलास? मी सांगितलं, रत्नागिरीस."

"मग?"

"म्हनलान, तिकडच्या वर्गाचं लय नाव हाय, पेपरात वाचलंय. मंग तुजी परीक्षा काय घ्यायची? उद्याच्या बोटीनं जा."